लिनोची प्रिंट दर वेळी पॅची येतेय? कागद उचलल्यावर आधी ब्लॉक बघा

कॉलेजात किंवा एटीडीला (चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला) असताना लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर छापणं, केलेला असतो, मग नोकरी-संसारात पंधरा-वीस वर्षं जातात आणि एक दिवस माळ्यावरनं जुनी हत्यारं खाली येतात. कोरायचं तसं लवकर आठवतं, हाताला सवय असते. पण छापायला बसलं की गाडी अडते. काळा भाग काळा येतच नाही, वरून मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, कुठे गडद कुठे फिकं, मग माणूस शाई वाढवतो, तर बारीक रेषा बुजतात आणि ठिपके तिथेच. मग महागडी शाई मागवली जाते, कागद बदलला जातो, शाई लावायचा नवा रोलर येतो, आणि प्रिंट जशीच्या तशी.

यात बहुतेक वेळा कोरण्याचा काही दोष नसतो, आणि शाईच्या ब्रँडचाही फारसा नसतो. कॉलेजात प्रेस होता, घरी नाहीये, आणि आपल्या सगळ्या सवयी प्रेसच्या आहेत, हे खरं दुखणं. प्रेसने बराच टाकाऊ माल पास केलेला असतो. खरखरीत कागद, थोडी वाळलेली शाई, वाकडा ब्लॉक, सगळं त्या रोलरखालून गेलं की जमून यायचं कारण तिथे दाब प्रचंड असतो आणि मुख्य म्हणजे एका फेरीत पंधरा सेकंदात काम होतं.

घरी शाई लावलेल्या ब्लॉकवर कागद ठेवून त्याची पाठ लाकडी चमच्याने घासतात, तेव्हा लोकांना वाटतं दाब कमी पडतोय. खरंतर दाब तेवढा कमी नसतो. लाकडी चमच्याचा जो भाग कागदाला टेकतो तो असतो जेमतेम १ चौरस सेंटीमीटर, तेवढ्यावर हाताचा सगळा जोर येतो म्हणजे दाब चांगलाच झाला. तोच जोर तळहाताने लावला तर तो शंभरेक चौरस सेंटीमीटरवर पसरतो आणि काहीच उमटत नाही, लाटण्याचंही तसंच, म्हणून लाटण्याने छापायचे व्हिडिओ बघून नादी लागू नका. कमी पडतो तो वेळ. हिशोब करा: १५ बाय २१ सेंटीमीटरचा ब्लॉक म्हणजे ३१५ चौरस सेंटीमीटर, प्रत्येक चौरस सेंटीमीटरला दोन सेकंद दिले तरी साडेदहा मिनिटं होतात. तेवढा वेळ तुमची शाई ब्लॉकवर ओली राहिली पाहिजे. डोक्यावर पंखा सुरू आहे, एप्रिल महिना आहे, पुण्यात किंवा नागपुरात बसलायत आणि शाई वॉटर बेस्ड आहे, तर ती नाही राहणार. अर्धा ब्लॉक घासून होईपर्यंत उरलेला अर्धा कोरडा. त्यात कोणी ॲक्रिलिक रंग वापरत असेल तर विषयच संपला.

तर आता शोधायचं कसं. प्रिंट काढली की सगळे प्रिंटकडे बघतात, तेच आधी थांबवा. कागद बाजूला ठेवा आणि ब्लॉक खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात बघा. जिथे प्रिंटमध्ये पांढरं आलंय, नेमक्या त्याच जागी ब्लॉकवर शाई आहे का? चकाकतेय का? शाई तिथे ओली आणि भरपूर असेल तर ती ब्लॉकपर्यंत पोचली होती पण कागदाने घेतली नाही, म्हणजे घासणं किंवा कागद. शाई आहे पण मॅट दिसतेय, बोट लावलं तर निघत नाहीये, म्हणजे वाळली. शाई नाहीच आहे, लिनोचा मूळ रंग दिसतोय, म्हणजे रोलरने तिथे शाई दिलीच नाही. या तीन गोष्टींचे उपाय एकदम वेगवेगळे आहेत, आणि नुसती प्रिंट बघून तिन्ही सारख्याच दिसतात, गोंधळ तिथेच होतो.

दुसरा प्रश्न, डाग दर प्रिंटला त्याच जागी येतोय की जागा बदलतोय. त्यासाठी दोन प्रिंट एकावर एक धरून उजेडासमोर बघा. त्याच जागी असेल तर ब्लॉकमध्ये काहीतरी आहे. जागा बदलत असेल तर तुमच्या हातात किंवा शाईच्या वाळण्यात. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

शाई वाळतेय असं निघालं तर सगळ्यात आधी पंखा बंद करा, फुकटचा उपाय आहे. वॉटर बेस्डच वापरायची असेल तर रिटार्डरचे, म्हणजे शाई उशिरा वाळावी म्हणून मिसळतात त्या द्रवाचे, एक-दोन थेंब घाला आणि ब्लॉक लहान करा, पोस्टकार्डाएवढा. माझं मत विचाराल तर हाताने छापणाऱ्याने सरळ ऑइल बेस्ड शाईवर यावं. लोक घाबरतात की टर्पेंटाइन लागेल, घरात वास येईल, पोरं आहेत. नाही लागत. ब्लॉक, शाई पसरायची काच, रोलर यावर थोडं खायचं तेल टाका, जुन्या कापडाने पुसा, मग भांड्याचा लिक्विड सोप, झालं. छपाईचं सामान विकणाऱ्या दुकानात ऑफसेटची काळी शाई डब्यात मिळते, आर्टच्या ट्यूबच्या मानाने फार स्वस्त पडते आणि एक डबा कैक महिने जातो. फक्त पेपर छापायची, म्हणजे वर्तमानपत्राची शाई घेऊ नका, ती कागदात नुसती मुरते, पक्की वाळत नाही, सकाळचा पेपर वाचून बोटं काळी होतात ना, तीच ती. ऑफसेटची शाई पातळ वाटली, विशेषतः मे महिन्यात, तर मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर चिमूटभर घालून पुट्टी ब्लेडने काचेवर नीट मळून घ्या, घट्ट होते. जिममध्ये हाताला लावायची पांढरी पावडर मिळते ती बऱ्याचदा हीच असते, पण पाकिटावर वाचून घ्या, त्यात काही मिसळलेलं नको.

रोलरने शाई दिलीच नाही असं दिसलं तर आधी तेलकटपणा बघा. लिनो मुळात जवसाच्या तेलापासून बनतो, वर्षानुवर्षं पडून राहिला की पृष्ठभाग पिवळसर आणि गुळगुळीत होतो, त्यात आपले हात, केसांना लावलेलं खोबरेल, जेवणानंतर बसलेलो. वॉटर बेस्ड शाई तेलावर बसतच नाही, थेंब थेंब होते. कोरायला घ्यायच्या आधीच ४०० नंबरच्या वॉटर पेपरने हलक्या हाताने गोल गोल घासून घ्या, मग ओल्या कापडाला साबणाचा एक थेंब लावून पुसा आणि वाळू द्या. पाण्यात बुडवायचा नाही कधी, मागचं तागाचं कापड पाणी पितं आणि ब्लॉक वाकतो. नव्या ब्लॉकच्या पहिल्या दोन-तीन प्रिंट तरीही फिक्याच येतील, लिनो थोडी शाई पितो, त्यावरून निदान करत बसू नका.

इथेच सांगून टाकतो, हार्डवेअरच्या किंवा फ्लोअरिंगच्या दुकानात लिनोलियम म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा विनाइल असतं. दुकानदार फसवत नाही, त्यांच्याकडे त्याला तेच म्हणतात. ओळखायला सोपं आहे, मागे गोणपाटासारखं विणकाम दिसलं पाहिजे, कोपरा नखाने खरवडला तर भुगा पडला पाहिजे आणि आतपर्यंत एकच रंग दिसला पाहिजे. विनाइलची चामडीसारखी ओढली जाणारी पट्टी निघते आणि वर लाकडाचं किंवा टाइलचं डिझाइन छापलेलं असतं. त्यावर कोरता येतं एक वेळ, पण शाई नीट धरत नाही आणि कडा स्वच्छ येत नाहीत.

रोलर. याच्याकडे कोणी बघत नाही. पांढरा किंवा गडद पट्टा आडवा येत असेल आणि तो परत परत येत असेल तर स्केल घेऊन दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा. रोलरचा व्यास ३ सेंटीमीटर असेल तर एक फेरा म्हणजे सुमारे ९.४ सेंटीमीटर. पट्टे बरोबर तेवढ्या अंतरावर असतील तर दोषी रोलर, बाकी कुठे शोधू नका. बऱ्याचदा रोलर त्याच्या रबराच्या बाजूवरच टेकवून ठेवलेला असतो, तिथे चपटा भाग तयार होतो. नेहमी पाठीवर, हँडलच्या बाजूने ठेवायचा, किंवा खिळ्याला टांगायचा. आणि रोलर चांगला असूनही पट्टा येत असेल, एकच, ब्लॉकच्या मध्यावर कुठेतरी, तर तो रोलरच्या पहिल्या फेऱ्याचा शेवट असतो. पहिल्या फेऱ्यात शाई भरपूर पडते, दुसऱ्यात कमी, त्यांच्या सीमेवर रेघ दिसते. उपाय म्हणजे एकदम जाड थर द्यायचा नाही, पातळ थर सहा-सात वेळा, उभा, आडवा, तिरका, दर वेळी काचेवर परत जाऊन. काचेवर फिरवतानाही पुढे ढकलून रोलर उचलायचा, परत मागे आणून ठेवायचा. नुसता पुढे-मागे पुढे-मागे केला तर तीच शाई त्याच जागी फिरत राहते.

किती शाई ते डोळ्याने सांगणं अवघड, कानाने सोपं. बरोबर असली की काचेवर रोलर फिरताना बारीक सरसर आवाज येतो आणि शाईचा पोत मऊ, एकसारखा, बारीक कणीदार दिसतो. जास्त झाली की चपचप चपचप आणि काचेवर उंचवटे दिसतात. आवाजच नाही म्हणजे कमी. टीव्ही बंद करून एकदा ऐका, नंतर विसरणार नाही.

आता कागद, आणि यावर मी जरा भांडणार आहे. जुन्या कॉलेजवाल्यांना जाड कागद हवा असतो, हँडमेड, पोत असलेला, कारण प्रदर्शनात तसेच बघितलेत. पुण्यात शिवाजीनगरला हँडमेड पेपर इन्स्टिट्यूटमध्ये गेलं की हात आवरत नाही, मान्य आहे. पण पोताचा जाड कागद चमच्याने छापायला घेणं म्हणजे स्वतःच्या हाताने ठिपके मागवणं. कागदाच्या खळग्यांत शाई पोचणारच नाही, प्रेसखाली तो कागद चेपला जायचा म्हणून पोचायची. घ्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा, एक बाजू जास्त गुळगुळीत असते, त्या बाजूला छापा. ऑइल बेस्ड शाई असेल तर कागद किंचित ओलसर करूनही घेता येतो, स्प्रेने हलकं पाणी मारून वर्तमानपत्राच्या मध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर, सकाळी हाताला गार लागला पाहिजे पण ओला नाही. वॉटर बेस्डला हे करू नका, पसरते.

हाताने छापायला पातळ कागदच योग्य. नेपाळी लोकता, राइस पेपर, जपानी वाशी मिळाला तर सोन्याहून पिवळं. सरावाला साधा झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएम कागदही चालतो, पतंगाचा पण. पातळ कागदाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मागून दिसतं. चमचा फिरवत गेलात की शाई जिथे कागदाने घेतली तिथे मागच्या बाजूला करडी छटा उमटत येते, चित्र हळूहळू पाठीवर दिसायला लागतं, आणि जिथे दिसत नाहीये तिथे परत घासायचं. अंदाजपंचे काही उरत नाही. कागद फाटू नये म्हणून वर बटर पेपर ठेवा, त्यातूनही दिसतं. चमच्याला अधूनमधून केसांवर किंवा मेणबत्तीवर फिरवून घ्या, सरकतो छान.

घासताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं, लहान गोल, आणि एका हाताने कागद दाबून धरायचा. वाटलं की झालं, तेव्हा एक कोपरा उचलून बघा, बाकीचा कागद हाताखाली घट्ट. फिकं असेल तर तसाच परत खाली सोडा आणि घासा. ऑइल शाई असेल तर उचललेल्या कागदाखालच्या ब्लॉकवर रोलरने परत हलकी शाई देऊनही कागद खाली सोडता येतो, कागद जागचा हलला नाही तर कळतही नाही. प्रेसवर हे करता येत नाही, एकदा गेलं की गेलं, तेव्हा हाताने छापण्याचे असे फायदेही आहेत, नुसतं रडायला नको.

डाग दर वेळी त्याच जागी येतोय आणि तेलकटपणा नाही, तर स्टीलची पट्टी ब्लॉकवर आडवी उभी ठेवून खालून उजेड येतो का बघा. तिथे खळगा असणार. सुटा लिनो उन्हाळ्यात मऊ, हिवाळ्यात कडक, गुंडाळी करून आणलेला असेल तर कायमचा बाकदार. एमडीएफच्या तुकड्यावर चिकटवा, फेव्हिकॉल पातळ आणि एकसारखा, वर पुस्तकांचं वजन रात्रभर, नाहीतर फेव्हिकॉलच्या पाण्यानेच वाकतो. कोरून झालेला ब्लॉक असेल तर जुन्या टाइपच्या छापखान्यांत करायचे तो उद्योग करा, मेकरेडी. खळग्याच्या बरोबर मागे, ब्लॉकच्या पाठीला पातळ कागदाचा तुकडा चिकटवायचा, कात्रीने कापलेला नाही, हाताने फाडलेला, म्हणजे त्याची कड पुढे उमटत नाही. एक तुकडा पुरला नाही तर त्यावर अजून लहान. हा उपाय मागे एमडीएफ नसेल तेव्हाच चालतो, जाड पाटावर काही फरक पडत नाही, मग छापताना कागदाच्या वर त्या जागी तोच तुकडा ठेवून घासायचं.

मध्ये काळा टिंब आणि भोवती पांढरी रिंग, असा डाग दिसला तर भुगा आहे, ऑफसेटवाले त्याला हिकी म्हणतात. कोरल्यावर ब्लॉक नुसता झटकून भागत नाही, दाढीच्या किंवा जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा, मग मास्किंग टेप चिकटवून ओढून काढा. भुगा फार होत असेल तर हत्याराची धार गेलीय. लिनो मऊ वाटतो पण धार खातो. जुना चामडी पट्टा लाकडावर चिकटवा, त्यावर मेटल पॉलिश लावा, आणि हत्यार मागे ओढत परजत राहा, तासाभराच्या कामानंतर दहा-पंधरा वेळा. लिनो थंडीत कडक झाला असेल तर जोर वाढवू नका, गरम पाण्याच्या पिशवीवर पाच मिनिटं ठेवा, लोण्यासारखा नाही पण शहाण्यासारखा कापला जातो. दुसरा हात कायम पात्याच्या मागे, हे विसरण्यासारखं नाही पण लोक विसरतात आणि अंगठ्याला टाके पडतात.

दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर देवनागरी अक्षरं कोरणाऱ्यांसाठी एक वेगळं. शिरोरेखा मधेच तुटक येते अशी तक्रार असते. लांब, बारीक, एकटी उभी राहिलेली रेघ, तिच्या वर-खाली सगळं कोरून काढलेलं, त्यामुळे कागद तिथे खाली झुकतो आणि चमचा रेघेच्या कडेवरून घसरतो. शिरोरेखेवर चमचा रेघ ओलांडून वर-खाली फिरवू नका, रेघेच्या दिशेनेच ओढा, आणि मूळ डिझाइनमध्ये ती दीड-दोन मिलिमीटर जाड ठेवा. कोरतानाही हत्यार रेघेपासून लांब जाणारं, उतार ठेवून. सरळ खाली कापलं की रेघेला पायाशी आधार राहत नाही आणि दहाव्या-बाराव्या प्रिंटला तुकडा पडतो. उलटं अक्षर तपासायला ट्रेसिंग पेपर आणि बाथरूमचा आरसा पुरतो.

आणि चित्राची निवड. चित्रकार नंदलाल बोस यांचा १९३० मधला काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचा लिनोकट सगळ्यांनी बघितलेला असतो, आणि परत सुरू करताना पुष्कळांना तसंच काहीतरी करायचं असतं, काळी पार्श्वभूमी, पांढऱ्या रेषा. चित्र म्हणून किती सोपं वाटतं. हाताने छापायला ते सगळ्यात अवघड, कारण अख्खा ब्लॉक सपाट काळा, एक चौरस सेंटीमीटरही सुटका नाही. मुंबईत राहून काम केलेले चित्रकार चित्तप्रसाद यांचे लिनो बघा, त्यातला काळा भाग सारखा रेषांनी, खाचांनी मोडलेला असतो. सुरुवातीला तसं काहीतरी घ्या, मोठा सपाट भाग हत्याराच्या लहान लहान खुणांनी तोडा. ठिपके आले तरी पोतात मिसळून जातात, आणि घासायचं क्षेत्रही निम्मं होतं.

एवढं करूनही सापडत नसेल तर उरलेल्या लिनोचा ५ बाय ५ सेंटीमीटरचा न कोरलेला तुकडा घ्या आणि नुसता काळा चौकोन छापा. तीच शाई, चार कागद. मग तोच कागद, शाई कमी-जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा काय बदललं. कंटाळवाणं आहे पण एका संध्याकाळी कळतं, नाहीतर चांगला कोरलेला ब्लॉक घेऊन महिना जातो.

वाळवण्याचं राहिलं. ऑइल शाई हातकागदावर लवकर वाळते, गुळगुळीत कागदावर वेळ लागतो, पावसाळ्यात कोकणात-मुंबईत तर आठवडाभर धरून चाला आणि दुसरा रंग त्याआधी चढवू नका. दोरीवर चिमट्याने टांगा, एकमेकांवर रचू नका. शाईची आणि जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून डब्यात किंवा पिशवीत कोंबायची नाहीत, ती वाळताना स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून बाल्कनीत वाळू द्या, पूर्ण कडक झाली की मग कचऱ्यात, किंवा पाण्यात भिजवून बंद पिशवीत.